नगर आणि नगरातली बाई



नगराचे चित्र म्हटले की आपल्या मनात प्रथम इमारती उभ्या राहतात. जॉर्जिया ओकीफ या अमेरिकन चित्रकर्त्रीने १९२७ साली न्यू यॉर्कची एक उत्तुंग इमारत रात्रीच्या दिव्यांसह तैलरंगांत रंगविली. आपल्या बी. प्रभा यांनी मात्र मुंबई पाहिली ती कोळिणींच्या रूपाने.

नागपूरजवळच्या बेला गावी १९३३ साली जन्मलेल्या प्रभाताई नागपुरात आणि पुढे मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकल्या. उमेदवारीच्या काळातच त्यांची तीन चित्रे होमी भाभांनी घेतली. २००१ साली त्या निवर्तल्या. त्यांच्या तैलचित्रांतील स्त्रिया सडपातळ, लांब मानेच्या. बहुधा एकाच रंगाच्या छटांत उभ्या. मागे शहर दिसत नाही; पण शहराला मासळी पुरविणारी हीच बाई वगळली, तर शहरात उरते काय?

हा प्रश्न मला निपाणीत अधिक बोचतो. तंबाखूच्या वखारी कोणीही रेखाटील. माझी आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळीत असे. त्याच मजुरीतून माझी फी भरली गेली. मी पीएच. डी. झालो, साहित्यातील स्त्रीप्रतिमा वर्षानुवर्षे शिकविल्या. तिच्याविषयी मात्र एक ओळ लिहिली नाही. प्रभाताईंच्या कोळिणीपुढे उभा असताना मला याची लाज वाटली.

मुलांनो, आपल्या गावाचे चित्र काढाल, तेव्हा वखारीच्या आधी तिथे राबणारी बाई काढा. माझ्या हातून राहिलेले काम तुमच्या हातून व्हावे, एवढीच इच्छा.