पाऊस इथं गणपतीनंतर येतो

(गणेशोत्सवात मंडळाच्या मंडपात गलाई व्यावसायिक बांधवांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही वक्ता नाही. भट्टीपुढं उभं राहणारा माणूस आहे. कार्यकर्त्यांनी सांगितलं, "दरवर्षी कीर्तन होतं, ऑर्केस्ट्रा होतो, यंदा धंद्याच्या कामाचं काहीतरी बोला." म्हणून उभा राहिलो. विषय आहे, वादळ-पावसासाठी आपलं दुकान कसं तयार ठेवायचं. सणात असला विषय कशाला, असं काहींना वाटेल. पण तो बोलायची वेळ हीच आहे, आणि ती का, हे आधी सांगतो.

आपण बहुतेक जण खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ भागातले. दुष्काळातून बाहेर पडलेली माणसं. पाणी जपून कसं वापरायचं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण पाणी अंगावर आलं तर काय करायचं, हे आपल्या वाडवडिलांनी आपल्याला शिकवलं नाही, कारण त्यांच्यावर ती वेळच आली नाही. गावाकडं गणपती बसले की पाऊस परतीला लागतो. हस्त सरला की आपण म्हणतो, संपला पावसाळा. इथं तंजावर जिल्ह्यात गणित उलटं आहे. वर्षातला निम्म्याच्या आसपास पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात पडतो. तमिळ लोकांचा ऐप्पसी आणि कार्तिगै महिना म्हणजे पावसाचा महिना. बंगालच्या उपसागरातली मोठी वादळंही त्याच दिवसांत येतात. म्हणजे बाप्पांचं विसर्जन झालं की आपल्या हातात चार-सहा आठवडे उरतात. तेवढीच आपली तयारीची मुदत.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. ती सांगायला मला लाज वाटते, पण सांगितल्याशिवाय पुढचं बोलण्यात अर्थ नाही.

२०१८ साली माझं दुकान पट्टुकोट्टईला होतं. त्या वर्षी १६ नोव्हेंबरला, मध्यरात्रीनंतर, गाजा वादळ नागपट्टिणम आणि वेदारण्यमच्या मधे किनाऱ्यावर आलं. वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर. तिथून ते पट्टुकोट्टई, पेरावुरणीवरून पुदुकोट्टईकडं गेलं. माडांच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या. विजेचे खांब हजारांनी पडले. राज्यात चाळीसहून अधिक माणसं गेली. सूचना नव्हती असं नाही. टीव्हीवर, रेडिओवर चार दिवस सांगत होते. ते ऐकून मी काय केलं? ग्राहकांचं सोनं तिजोरीत आहे का, ते पाहिलं. आत झोपणाऱ्या तीन पोरांना सांगितलं, दार घट्ट लावून घ्या. आणि रोजच्यासारखं शटर खाली ओढून बाहेरून कुलूप लावलं. चावी खिशात घालून दोन गल्ल्या सोडून खोलीवर गेलो.

इथं बसलेल्यांपैकी किती जण बाहेरून कुलूप लावतात, मी विचारत नाही. मला माहीत आहे. आपण म्हणतो, सोन्याचा धंदा आहे, रिवाज आहे.

रात्री दोनच्या सुमाराला मागचा पत्रा उडाला. पाऊस आत आला, फळीवरचा तेजाबाचा कॅन खाली पडून फुटला. खाली तांब्याचा चुरा होता, लाकडी पाट होता. तपकिरी धूर निघाला. तो धूर आपण सगळे ओळखतो. वीज गेलेली, पंखा बंद, शटरला बाहेरून कुलूप. पोरं ओरडत होती, पण त्या वाऱ्यात शेजाऱ्यालाही ऐकू जात नव्हतं. फोन लागत नव्हते. मी निघालो तर गल्लीत झाड आडवं. पहाटे शेजारच्या पट्टरैतला आसारी कुऱ्हाड घेऊन आला, तेव्हा मी दुकानापर्यंत पोचलो. पोरं उडालेल्या पत्र्याखाली तोंड वर करून, ओलं फडकं नाकाला लावून उभी होती. तिघंही वाचली. त्यातल्या एकाला खोकला होता, बाकी ठीक वाटत होता. डॉक्टरांनी तरी त्याला ठेवून घेतलं. म्हणाले, या धुराचं असंच असतं, माणूस सुरुवातीला बरा दिसतो आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसात पाणी होतं. तो पोरगा माझा सख्खा भाचा. बहिणीला मी काय उत्तर दिलं असतं?

पोरं वाचली ती नशिबानं, माझ्या व्यवस्थेनं नाही. तुम्हाला हे सगळं सांगायचं कारण एवढंच.

इथून जवळच कुंभकोणम आहे. तिथं १६ जुलै २००४ ला शाळेला आग लागली आणि ९४ मुलं गेली. स्वयंपाकाच्या जागेतली आग गवताच्या छपराला लागली, बाहेर पडायची वाट अरुंद होती. आगीइतकाच जीव त्या वाटेनं घेतला. म्हणून माझं पहिलं आणि सर्वांत मोठं सांगणं: आत माणूस झोपणार असेल तर चावी आत हवी. शटरशिवाय मागं एक दार किंवा आतून उघडणारी खिडकीची जाळी हवी. आणि वादळाची सूचना असेल त्या रात्री दुकानात कुणीही झोपायचं नाही. राखणीलाही नाही.

आता सूचना आल्यावर काय करायचं. हवामान खातं चार टप्प्यांनी सांगतं. साधारण ७२ तास आधी पहिली सूचना, ४८ तास आधी सतर्कतेचा इशारा, २४ तास आधी वादळाचा इशारा आणि १२ तास आधी जमिनीवर आल्यावर काय होईल त्याचा अंदाज. आपण आपली कामं त्याच चार टप्प्यांना बांधून घेऊ.

७२ तासांवर ग्राहकांना फोन करायचा. ज्याचं सोनं त्याला परत द्यायचं किंवा बँकेच्या लॉकरला टाकायचं. नवीन मोड आटवायला घ्यायची नाही. वहीत वजन, टंच, नाव लिहिलेल्या पानांचे मोबाईलवर फोटो काढून एक प्रत गावाकडं पाठवायची. वही भिजली तर सोनं असूनही आपण चोर ठरतो.

४८ तासांवर तेजाब आणि गॅस. तेजाब लागेल तेवढंच ठेवावं, दोन महिन्यांचा साठा या दिवसांत करू नये. कॅन उंच फळीवर नको, जमिनीवरही नको. गुडघाभर उंचीच्या पक्क्या कट्ट्यावर, मोठ्या प्लास्टिकच्या टबात ठेवावेत, झाकणं घट्ट. शेजारी लाकूड, भुसा, कोळसा, चिंध्या, रॉकेल नको. सांडलंच तर भुसा टाकायचा नाही, तो पेट घेऊ शकतो. कोरडी वाळू टाका, मग खायचा सोडा थोडाथोडा. वापरलेलं तेजाब गटारात ओतू नका. पुराच्या पाण्यातून ते शेजाऱ्याच्या पोराच्या पायाला लागतं. गॅसचा सिलिंडर पाण्यात तरंगतो, वाहत जाऊन आपटतो, नळी तुटते. रेग्युलेटर काढा, टोपी बसवा, साखळीनं भिंतीला उभा बांधा.

२४ तासांवर भट्टी बंद. मुशीत काही ठेवायचं नाही. पत्र्याचे हुक, फलक, गच्चीवरच्या मोकळ्या वस्तू बांधायच्या किंवा उतरवायच्या. तराजू, टंच काढायचं यंत्र, इन्व्हर्टरची बॅटरी उंचावर, प्लास्टिकमधे. निघताना मेन स्विच खाली.

१२ तासांवर दुकान रिकामं. माणसं पक्क्या घरात किंवा सरकारनं उघडलेल्या निवाऱ्यात. आणि एक लक्षात ठेवा. वादळाचा डोळा वरून जात असेल तर वारा एकदम पडतो, आकाश मोकळं वाटतं. संपलं म्हणून दुकान बघायला निघालेला माणूस त्यातच सापडतो, कारण थोड्या वेळानं उलट्या दिशेनं तेवढाच वारा येतो.

वादळ गेल्यावरही घाई नको. ईबीचा माणूस किंवा वायरमन बघून जाईपर्यंत मेन चालू करू नका. जनरेटर शटरच्या आत चालवू नका. त्याच्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, पण झोपेतच माणूस जातो. आणि आपल्या धंद्यातली खास गोष्ट: भिजलेली मूस, भिजलेला साचा लगेच वापरू नका. ओल्या साच्यात वितळलेला धातू पडला की पाण्याची क्षणात वाफ होते आणि धातू उसळून तोंडावर येतो. मूस कितीही कोरडी दिसली तरी मंद आचेवर सावकाश तापवून मगच कामाला घ्या.

कुणी म्हणेल, आपण तिरुवैयारुत राहतो, समुद्र लांब आहे. खरं आहे, वारा इथवर येताना मंदावतो. पाणी मंदावत नाही. २००८ च्या नोव्हेंबरात निशा वादळाच्या वेळी आपल्याच जिल्ह्यात ओरत्तनाडूला २४ तासांत ६६ सेंटीमीटर पाऊस पडला. आटपाडीला अख्ख्या वर्षात एवढा पडत नाही. शिवाय गावाला नावच पाच नद्यांवरून पडलेलं. मेट्टूर धरण १२० फुटांना भरतं, मग पाणी सोडतात, ते मुक्कोंबू आणि कल्लणैवरून कावेरी आणि कोळ्ळिडममधे वाटलं जातं. २०१८ च्या ऑगस्टमधे त्या पुरातच मुक्कोंबूचे नऊ दरवाजे वाहून गेले. म्हणून पेपरात मेट्टूरचा आकडा रोज वाचत जा. २०१९ मधे कृष्णेचं पाणी सांगलीला ५७ फुटांवर गेलं, तेव्हा आपण इथून गावाकडं फोन करत होतो. उद्या गाव आपल्याला फोन करेल, तेव्हा फोन लागला पाहिजे.

तयारीनं फरक पडतो का? ओडिशाकडं बघा. १९९९ च्या महावादळात जवळजवळ दहा हजार माणसं गेली. २०१३ ला फायलिन आलं, तेही फार जोराचं. पण लाखो लोकांना आधीच हलवलं होतं, म्हणून मृत्यूंचा आकडा शंभराच्या आत राहिला. वादळ तेच, समुद्र तोच. मधल्या काळात लोकांनी आणि सरकारनं तयारी शिकून घेतली.

विम्याबद्दल दोनच वाक्यं. चोरीचा विमा म्हणजे पुराचा विमा नव्हे. पॉलिसीत वादळ आणि पूर लिहिलंय का, आणि ग्राहकाचा, पण आपल्या ताब्यात असलेला माल त्यात धरलाय का, हे एजंटाकडून लेखी घ्या.

शेवटी मंडळाला तीन विनंत्या. एक, प्रत्येक दुकानाची यादी करावी: मालक, आत किती पोरं, कोण कुठं झोपतो, गावाकडचा एक नंबर. गाजानंतर कितीतरी दिवस फोन बंद होते, गावाकडं आयांनी चुली पेटवल्या नाहीत. एका माणसानं जिथं फोन लागेल तिथं जाऊन सगळ्यांचा निरोप द्यायचा, असं आधीच ठरलेलं असावं. जिल्ह्याचा आपत्तीचा नंबर १०७७ आणि राज्याचा १०७० त्या यादीवर ठळक छापावा. दोन, दोन-दोन दुकानांची जोडी लावावी, शक्य तिथं एखाद्या आसारी शेजाऱ्यालाही घ्यावं. माझ्या मदतीला त्या पहाटे संघटना आली नव्हती, शेजारी आला होता. तीन, तपासणीचा एक दिवस ठरवावा.

तो दिवस मी सुचवतो. खंडेनवमी. तमिळ लोकांची आयुधपूजाही त्याच दिवशी. आपण दरवर्षी भट्टी झाडतो, चिमटे, मुशी, तराजू धुऊन त्यांना हळद-कुंकू वाहतो. त्यानंतर लगेच इथला पाऊस सुरू होतो. त्या दिवशी पूजा झाली की नारळ फोडण्याआधी चार गोष्टी बघायच्या: मागचं दार उघडतं का, तेजाब कट्ट्यावर आहे का, सिलिंडर बांधलाय का, आणि चावी आत आहे का. हत्याराची पूजा करतो, तशी ते हातात धरणाऱ्या पोराचीही काळजी घ्यायला हवी. ही पोरं कुणाचा भाचा, कुणाचा पुतण्या. आई-बापांनी ती सोन्याच्या राखणीला नाही, आपल्या भरवशावर पाठवलीत.

माझ्या पट्टुकोट्टईच्या दुकानाचं ते कुलूप मी अजून ठेवलंय. कुणाला नवं दुकान काढायचं असेल तर आधी माझ्याकडं यावं, दाखवीन.

एवढं बोलून रजा घेतो. चुकलं असेल तर माफ करा.

गणपती बाप्पा मोरया!