जामखेडचा धडा
(पालक-विद्यार्थी सभेतील भाषण)



बागवान, तांबोळी, मणियार, पिंजारी, अत्तार ही आपल्याकडील आडनावे म्हणजे कामांचीच नावे होत. आपल्या वाडवडिलांनी हुनर जपले आणि मेहनतीची भाकरी खाल्ली. म्हणूनच "जास्त शिकून काय करायचे? दुकानात बसला तर चार पैसे मिळवील," असे पालक म्हणतात, तेव्हा त्यांना नुसता दोष देऊन भागत नाही. मुलीच्या बाबतीत तर हा प्रश्न सातवी-आठवीतच उभा राहतो. त्याचे उत्तर मी मोठ्या शहरातून आणणार नाही, जामखेडातून आणणार आहे.

जामखेड हे अहिल्यानगर जिल्ह्याच्या टोकाचे तालुक्याचे गाव. बालाघाटचे डोंगर, बेभरवशाचा पाऊस आणि ज्वारीची शेती. तालुक्यातील कित्येक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात, आणि मागे मुलांची शाळा सुटते.

अशा या गावात १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्या काळी तेथे जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १७६ बालके वर्षाच्या आत दगावत. शिकलेल्या परिचारिका खेड्यात मुक्कामी राहण्यास तयार होईनात. तेव्हा गावातल्याच बायकांना शिकवायचे ठरले. त्यांतील बहुतेक निरक्षर होत्या, कित्येक जणी मोलमजुरी करणाऱ्या. निरनिराळ्या जातींच्या या बाया जामखेडला येत, एकत्र बसून शिकत आणि गावी परतून घरोघर सांगत: जुलाब झालेल्या लेकराला मीठ-साखरेचे पाणी पाजा, गरोदर बाईला वेळेवर तपासा, लस चुकवू नका. १९९०च्या दशकाअखेर बालमृत्यूचे ते प्रमाण हजारी तीसच्या खाली आले.

या कामाची दखल जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ सालच्या आपल्या ग्रंथात घेतली. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ साली आणि डॉक्टर २०११ साली निवर्तले. परंतु औषधाच्या पेटीइतकेच काम त्या बायकांच्या शब्दांनी केले, हे विसरता येत नाही.

पालकहो, यातून दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली अशी की, इल्म आणि मेहनत यांचे वैर नाही. त्या बायकांनी शेतातले काम सोडले नाही; जे शिकल्या ते कामाला जोडले. हिशोब लिहिता येणारा बागवान आणि कायदा वाचता येणारा कारागीर सहसा फसत नाही. दुसरी अशी की, अक्षरओळख नसलेल्या बाईला आठवड्यातून काही तास शिकवले, तर ती गावची लेकरे वाचवते. मग तुमच्या हुशार मुलीला बारावीपर्यंत, त्याहीपुढे शिकू दिले, तर ती काय करणार नाही? तिची शाळा लांब असेल, तर मोहल्ल्यातील चार घरांनी मिळून जाण्या-येण्याची सोय करावी. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी मुले आजी-आजोबांकडे किंवा वसतिगृहात ठेवावीत, पण शाळेतून नाव काढू नये.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुम्ही आज जे शिकाल ते आज संध्याकाळीच घरी सांगा. आईला औषधाच्या बाटलीवरील तारीख वाचून दाखवा, शेजाऱ्याचा अर्ज भरून द्या. शिकलेले शेजाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचले, तरच ते शिक्षण.