‘फँड्री’तला चंक्या

बांधीतले धान घरी आले, दिवाळी सरली, की आपल्या गोंदिया जिल्ह्यात गावोगावच्या मंडया सुरू होतात. दिवसा दंडार रंगते आणि रात्री झाडीपट्टीचे नाटक उभे राहते, ते उजाडेपर्यंत चालते. अशी नाटके पाहणाऱ्या माणसाला नायक कोण, खलनायक कोण, हे सांगावे लागत नाही. पण दोन प्रवेशांपुरते येऊन चार वाक्ये बोलून जाणारे एखादे पात्र असते, आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर वाद होतो तो नेमका त्याच्यावरच. “तो आला कशाला होता हो?” अशाच एका पात्राविषयी आज बोलायचे आहे. फक्त ते नाटकातले नाही, चित्रपटातले आहे. त्याचे नाव चंक्या.

नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ हा चित्रपट २०१३ साली तयार झाला आणि २०१४ च्या फेब्रुवारीत चित्रपटगृहांत आला. कैकाडी बोलीत फँड्री म्हणजे डुक्कर. जब्या हा कैकाडी समाजातला शाळकरी मुलगा. बाप कचरू गावाची पडेल ती कामे करून लेकीच्या लग्नासाठी पैसा जमवतो आहे. जब्याचा जीव मात्र वर्गातल्या शालूवर जडला आहे. शालू वरच्या जातीची. तिच्यापुढे जाऊन एक शब्द बोलण्याचीही त्याची छाती होत नाही.

गावात सायकल दुरुस्तीचे एक दुकान आहे. तिथे हा चंक्या. तो जब्याला तोडगा सांगतो. काळी चिमणी धरायची, जाळायची आणि तिची राख त्या मुलीवर टाकायची. मुलगी वश होते. झाले! जब्या आणि त्याचा दोस्त पिऱ्या गलोल घेऊन रानोमाळ हिंडू लागतात.

आता हा चंक्या म्हणायचा तरी कोण? पहिले उत्तर सोपे आहे: पोराला नादी लावणारा भोंदू. पण भोंदू काहीतरी उकळतो. चंक्याला यातून मिळते काय? पैसा नाही की मान नाही. दुसरे उत्तर त्याहून सोपे: तो वेडसर आहे. तसे असेल, तर साऱ्या गोष्टीला चालवणारा तो शोध दिग्दर्शकाने त्याच्याच तोंडी का घातला? आणि ती भूमिका स्वतः मंजुळे यांनीच का केली? नुसत्या वेड्यासाठी एवढा खटाटोप कोणी करत नाही.

शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मध्ये माळावर चेटकिणी भेटतात आणि तू राजा होशील म्हणून सांगतात. त्या त्याला गादीवर बसवत नाहीत. गादीची हाव त्याच्या मनात असतेच, त्या तिला फक्त वाचा देतात. चंक्याही तेच करतो. फरक इतकाच, की मॅकबेथला राज्य हवे होते आणि जब्याला चारचौघांसारखा माणूस व्हायचे आहे.

आणखी एक बघा. बापाला पोरगा कामावर हवा आहे. गावाला डुक्कर धरणारा हवा आहे. या पोराची इच्छा अयोग्य नाही, ती पुरी होऊ शकते, असे म्हणणारा मोठा माणूस एकच, तो म्हणजे चंक्या. म्हणून तर पोराचा त्याच्यावर विश्वास बसतो.

पण तोडगा खोटा आहे, आणि त्याचे खोटेपण फक्त अंधश्रद्धेपुरते नाही. ती राख पडणार शालूवर. अडसर काय शालूच्या एकटीच्या मनात आहे? जत्रेत डुकरामुळे पालखीला अपघात होतो, आणि डुक्कर धरायचा हुकूम सुटतो तो कचरूवर. शाळेशेजारी बापलेक डुकरामागे धावतात, आणि पाहणारे हसतात. त्या हसणाऱ्यांत शालूही असते. फुले, सावित्रीबाई, आंबेडकर यांची चित्रे रंगवलेल्या शाळेच्या भिंतीवरून ते डुक्कर वाहून नेले जाते. इथे चिमूटभर राख काय करणार? एका मुलीचे मन वळवून गावाची रीत वळत नाही.

तेव्हा माझ्या मते चंक्याचा अर्थ असा: तहान खरी आहे, पाणी दाखवणारा मात्र मृगजळ दाखवतो. काळी चिमणी जब्याच्या हाती लागत नाही. पण चिमणीवर नेम धरून धरून तयार झालेला तोच हात शेवटी खिजवणाऱ्यांवर दगड उचलतो, आणि अखेरचा दगड थेट पडद्यातून आपल्या, म्हणजे प्रेक्षकांच्या, अंगावर येतो. चंक्याने दिलेला शोध इथे येऊन संपतो.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. वरच्या वर्गांना हा चित्रपट दाखवलात, तर “चंक्या चांगला की वाईट?” असे विचारू नका, पोरे पाठ केल्यासारखे उत्तर देतील. “चंक्याच्या जागी तुम्ही असता, तर जब्याला काय सांगितले असते?” असे विचारा, आणि मग थोडा वेळ गप्प राहा. कोणी म्हणेल, शीक. कोणी म्हणेल, गाव सोड. कोणी म्हणेल, तिचा नाद सोड. प्रत्येक उत्तराला पुढचा प्रश्न असतोच: मग गावाचे काय?

आपल्याही वर्गात असा एखादा मुलगा मागच्या बाकावर बसलेला असतो. तो गुरुजींना विचारत नाही, कारण गुरुजींजवळ याचे उत्तर असेल असे त्याला वाटत नाही. मग तो सायकलच्या दुकानात जाऊन विचारतो. तिथे त्याला राख मिळते. त्याने आधी आपल्याकडे यावे, एवढा भरवसा त्याला देणे मात्र आपल्या हाती आहे.