एप्रिल फूल असू दे, आपला शिमगा बघा!

एक एप्रिल जवळ आला की मोबाईलवर एक फॉरवर्ड येतोच. फ्रान्सनं १५८२ साली कॅलेंडर बदललं, जुन्याच तारखेला नववर्ष करणारे येडे ठरले, म्हणून एप्रिल फूल. ऐकायला भारी, पण हिशोब जुळत नाही. एदुआर्द दे देने नावाच्या फ्लेमिश कवीनं १५६१ मध्येच एक एप्रिलला नोकराला फुकट पळवणारा मालक रंगवलाय. मग खरं मूळ काय? पक्कं कुणालाच माहीत नाही.

आपल्याकडच्या खोड्यांच्या दिवसाची मात्र गोष्ट आहे. भविष्य पुराणात ढुंढा राक्षसीण येते. लहान पोरांना छळायची. तिला शंकराचा वर, त्यामुळे मोठ्यांचं काही चालेना. वसिष्ठांनी रघुराजाला उपाय सांगितला: फाल्गुन पौर्णिमेला पोरांनी लाकडं-गोवऱ्या जमवून पेटवाव्यात, टाळ्या वाजवाव्यात, हसावं, मनात येईल ते न घाबरता बोलावं. म्हणजे पोरं जिला घाबरायची, तिलाच पोरांनी पळवून लावायचं. शिमग्याच्या बोंबेमागची ही कथा.

आता भोर-वेल्ह्यात या. होळीसाठी कुणाची लाकडं, कुणाच्या गोवऱ्या गुपचूप उचलायच्या, ही पोरांची जुनी खोडी. मोठी माणसं ओरडतात नि गालात हसतातही. पण हा भाताचा मुलूख. इथं पावसाआधी रोपांच्या जागेवर शेण, पालापाचोळा, फांद्या पसरून राब भाजतात. चूलही त्याच सरपणावर. म्हणजे फाल्गुनात उचललेली गोवरी एखाद्या एकट्या म्हातारीची पुढच्या दोन-तीन महिन्यांची बेगमी असू शकते. ज्याच्या वाड्यात ढीग आहे त्याच्या दोन गोवऱ्या गेल्या तर गंमत. हिची अख्खी उतरंड गेली, तर ती चोरीच.

मला वाटतं खोडीचा नियम या कथेतच आहे. लहानानं मोठ्याची काढली तर ती खोडी. मोठ्यानं लहानाची काढली, तर ढुंढा आपणच झालो. नको म्हणणाऱ्या मुलीला रंग फासणं असो, की गरीब पोराचा प्रँक व्हिडिओ करून टाकणं असो, हाच हिशोब लावा. 'बुरा न मानो' म्हणून तो बदलत नाही.

तुमच्या गावात होळीची लाकडं कशी जमतात? व्हॉईस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!