अर्कांचा मेळ



नाताळ पंधरा दिवसांवर आला म्हणजे किराणा दुकानांच्या फळ्यांवर लहान लहान बाटल्यांची रांग दिसू लागते. व्हॅनिला, बदाम, संत्रे, अननस, गुलाब, रम यांचे ते अर्क. आपण त्यांस सर्रास इसेन्स म्हणतो. बाटली बोटाएवढी आणि किंमतही बेताची, त्यामुळे एकीऐवजी चार घरी येतात आणि चारही केकच्या पिठात पडतात. पीठ चांगले, लोणी चांगले, भाजणीही बरी. तथापि केक मात्र साबणासारखा लागतो! हे असे का होते, याचा थोडा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम त्या बाटलीत असते काय, ते पाहू. व्हॅनिला ही मूळची मेक्सिकोकडील एका वेलीची शेंग. ती वेल अन्यत्र नेऊन लावली तर फुले, पण शेंग धरीना. १८४१ साली हिंदी महासागरातील रेयुनियों बेटावर एडमंड आल्बियस नावाच्या अवघ्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडीने फुलातील पडदा उचलून परागसिंचन हाताने करण्याची युक्ती शोधली. आजही व्हॅनिलाची बहुतेक फुले याच रीतीने एकेक करून फळविली जातात. एवढ्या कष्टाची वस्तू स्वस्त कशी असणार? १८५८ मध्ये गोब्ले या फ्रेंच शास्त्रज्ञाने शेंगेतील मुख्य सुगंधी द्रव्य, व्हॅनिलिन, वेगळे काढले आणि १८७४ मध्ये टीमान व हारमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी ते सूचिपर्णी वृक्षांत सापडणाऱ्या द्रव्यापासून तयार केले. आपल्या स्वस्त बाटलीत बहुधा व्हॅनिलिनच असते. बदामाच्या बाटलीत बेन्झाल्डिहाइड, तर केळ्याच्या बाटलीत आयसोअमिल ॲसिटेट. गंमत अशी की, मधमाशी डंख मारताना आपल्या सोबतिणींना धोक्याची हाक घालते तीही याच केळ्याच्या वासाने!

कृत्रिम म्हणून हे अर्क टाकाऊ आहेत, असे मी म्हणणार नाही. परंतु एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. खऱ्या शेंगेत व्हॅनिलिनच्या जोडीला शेकडो अन्य द्रव्ये अल्प प्रमाणात असतात व ती त्याची धार बोथट करतात. कृत्रिम अर्कात बहुधा एकदोन द्रव्येच काम करीत असतात. त्यांचा सूर उंच व एकेरी. चर्चच्या गायकवृंदात अशा आवाजाची चार मुले शेजारी उभी केली तर काय होते, हे ज्याने वृंद बसविला आहे त्याला सांगावयास नको.

म्हणून मुख्य कोण, हे प्रथम ठरवावे. ज्या केकात व्हॅनिला धनी, तेथे बदाम हा पाहुणा. व्हॅनिलाचा एक चहाचा चमचा घातला तर बदामाचा पाव चमचाही पुष्कळ होतो, कारण बेन्झाल्डिहाइड इतरांना बोलूच देत नाही. लवंगेचेही तेच. तिच्यातील युजेनॉल जिभेला बधिर करते. मग पुढचे स्वाद कितीही उत्तम असोत, ते कळणार कोणाला? जायफळ व दालचिनी मात्र व्हॅनिलाशी गुण्यागोविंदाने नांदतात. संत्र्याची साल वरच्या अंगाला चमक देते, पण ती लवकर उडून जाते. व्हॅनिला मागे रेंगाळते. चांगल्या मिश्रणात आरंभी एक, मध्ये दुसरा व शेवटी तिसरा असे स्वाद क्रमाने येतात. सगळे एकदम आले तर त्याला मेळ न म्हणता गलका म्हणावे.

ही परीक्षा पिठात करू नये. पेलाभर पाण्यात चार चमचे साखर विरघळवावी व त्याचे लहान वाट्यांत भाग करावेत. प्रत्येक वाटीत एकच अर्क, एकच थेंब. आधी प्रत्येकाची एकट्याची ओळख करून घ्यावी, मग दोघांची जोडी लावावी, आणि दोघांचे जमले तरच तिसऱ्याला बोलवावे. तीव्र अर्काचा एक थेंबही जास्त वाटला तर त्याचा एक भाग व साखरपाण्याचे नऊ भाग असा सौम्य अर्क करून तो मोजावा. थेंब हे माप तसे लबाडच आहे. पाण्याचे सुमारे २० थेंब म्हणजे एक मिलिलिटर. पण मद्यार्कात केलेल्या अर्काचे थेंब लहान पडतात आणि तेवढ्याच मापाला कितीतरी अधिक लागतात. घरी ग्रॅमचा अंश दाखविणारा काटा असेल तर उत्तमच.

नाकही लवकर थकते. पाचसहा वाट्या हुंगल्या की सगळे सारखेच वाटू लागते, आणि नेमक्या त्याच वेळी मनुष्य ‘अजून थोडे’ म्हणून बाटली वाकडी करतो. त्या वेळी बाहेर जाऊन मोकळी हवा घ्यावी. मिश्रणही रात्रभर झाकून ठेवावे व सकाळी पुन्हा चाखावे. एखादा अर्क वरचढ झालाच तर त्याला दडपण्यासाठी दुसरा ओतू नये, साखरपाणी वाढवावे. आणि भट्टीच्या उष्णतेत उडणाऱ्या संत्र्यासारख्या स्वादासाठी हात किंचित सैल सोडावा.

आता एका वेगळ्या गोष्टीकडे वळतो. परवा वर्गातील एका मुलाने तास संपल्यावर हळूच विचारले, “सर, केकचे इसेन्स त्या वाफेच्या सिगारेटमध्ये चालतात का? घरी मिश्रण करता येते म्हणतात.” मी त्याला रागावलो नाही. प्रश्न विचारला, हेच बरे केले.

जे पोटाला चालते ते फुप्फुसाला चालतेच, असे नाही. पोटाला पचविण्याची शक्ती आहे. फुप्फुसाच्या नाजूक पिशव्यांना ती नाही. लोण्याचा वास देणारे डायअसिटिल खाण्यात निरुपद्रवी मानले जाते. पण अमेरिकेत मिसुरी राज्यातील जॅस्पर येथील मक्याच्या लाह्यांच्या कारखान्यात त्याची वाफ श्वासावाटे घेतलेल्या आठ माजी कामगारांना श्वासनलिका कायमच्या आकसण्याचा रोग झाल्याचे २००० साली उघडकीस आले. पुढे २०१५ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी वाफेच्या सिगारेटच्या ५१ स्वादांची तपासणी केली, तेव्हा ३९ स्वादांत तेच द्रव्य आढळले. तेलात केलेल्या अर्काची गोष्ट तर आणखी वाईट. तेल फुप्फुसात गेले की सूज आणते. २०१९ पासून अमेरिकेत अशा वाफांमुळे फुप्फुसे बिघडून रुग्णालयात गेलेल्यांची संख्या फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ झाली व ६८ माणसे दगावली. त्यांतील बहुतेकांनी गांजाच्या अर्काची मिश्रणे ओढली होती आणि मुख्य संशय त्यांत मिसळलेल्या ई-जीवनसत्त्वाच्या तेलकट संयुगावर होता. तेही अंगाला लावावयास व पोटात घ्यावयास निरुपद्रवी समजले जाणारेच. आपल्या देशात २०१९ च्या कायद्याने या सिगारेटींचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण व जाहिरात या सर्वांवर बंदी आहे. परंतु मुलाला कायद्यापेक्षा अननसाचा वास जवळचा वाटतो, आणि विकणाऱ्यांना ते पक्के ठाऊक असते. तंबाखूचा कडवटपणा झाकावयास या स्वादांइतके सोयीचे दुसरे काय आहे?

हे सारे त्याला सांगितले, तेव्हा तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “पण सर, बाटली तर मी आणली आहे. अननसाची.” मी त्याला कागदावर प्रमाण लिहून दिले: थंड पाण्याचा एक पेला, साखर चार चमचे, अर्ध्या लिंबाचा रस, मीठ चिमूटभर, अननसाच्या अर्काचे दोन थेंब, आणि जमल्यास वेलदोड्याची पूड, पण नखभरच.