परत येण्याचा परवाना

वाशीम हा 1998 सालीं पुन्हा स्वतंत्र जिल्हा झाला. 1948 सालीं तो मुलूख अकोला जिल्ह्यांत, म्हणजे मध्यप्रांत-वऱ्हाडांत मोडत होता. दक्षिणेस निजामाचें राज्य, आणि पैनगंगेचें पात्र हीच बऱ्याच लांबीपर्यंत सरहद्द. त्या वर्षीं रझाकारांच्या जाचास कंटाळून मराठवाड्यांतील कितीतरी कुटुंबें वऱ्हाडांत आश्रयास आलीं. 17 सप्टेंबरला निजामाचें सैन्य शरण आलें, आणि त्यांच्या परतीची वाट मोकळी झाली.

त्याच वर्षीं दुसऱ्या एका वाटेला मात्र कुलूप पडलें. 19 जुलै 1948 रोजीं हिंदुस्थान सरकारनें वटहुकूम काढला, कीं पश्चिम पाकिस्तानांतून येणारानें परवान्यावांचून पाऊल टाकूं नये. 1949 सालीं त्याचाच कायदा झाला. दंगलीच्या भयानें गेलेला, व्यापारासाठीं कराचीस गेलेला, आप्ताच्या आजारपणांत भेटीस गेलेला, सर्वांस प्रश्न एकच: परवाना कोठें आहे? निर्वासितांच्या लोंढ्यानें सरकार त्या वेळीं गांजलें होतें, हें विसरून त्यास दोष देणें फार सोपें आहे. पुढें घटनेनेंही तारखांच्याच रेषा आंखल्या. 1 मार्च 1947 नंतर जो पाकिस्तानांत स्थलांतर करून गेला तो नागरिक नव्हे, मग त्याचा जन्म इकडचा कां असेना. पुनर्वसनाचा किंवा कायम परतीचा परवाना घेऊन आला असेल तरच त्याला दार उघडें.

खरी मेख कायद्याच्या सातव्या कलमांत होती. परवान्याचा गुन्हा केल्याचा ज्याच्यावर वाजवी संशय असेल, त्यासही देशाबाहेर घालविण्याचा हुकूम सरकारला काढतां येई. खटला नको, पुरावा नको. नुसता संशय पुरे! इब्राहिम वजीर मावत विरुद्ध मुंबई राज्य या प्रकरणांत हें कलम सर्वोच्च न्यायालयापुढें आलें. 1954 सालीं न्यायमूर्ति गुलाम हसन यांनीं बहुमताचा निकाल दिला. परवाना नसल्याबद्दल शिक्षा करणें निराळें, आणि नागरिकाला त्याच्याच देशांतून हुसकून लावणें निराळें, हा त्यांतील मुख्य भेद. नागरिकापुरतें तें कलम रद्द ठरलें, निर्वासनाचे हुकूमही रद्द झाले. न्यायमूर्ति सुधी रंजन दास यांचें मत मात्र वेगळें पडलें. मूळ कायदा तत्पूर्वींच, 1952 सालीं, रद्द होऊन परवान्याच्या जागीं पासपोर्ट आला होता.

पण हें संरक्षण नागरिकाचें. जो नागरिक नाहीं, केवळ आश्रय मागतो, त्यानें काय करावें? हिंदुस्थाननें 1951 च्या निर्वासित-करारावर सही केलेली नाहीं. तथापि 1996 सालीं अरुणाचल प्रदेशांतील चकमांच्या प्रकरणीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, जीविताचें संरक्षण नागरिकांपुरतें नसून प्रत्येक माणसाचें आहे. नागरिकत्वाचे त्यांचे अर्ज स्थानिक अधिकारी अडवून ठेवीत होते. ते पुढें पाठविलेच पाहिजेत, असाही हुकूम झाला. अपात्र ठरविणें हें काम ज्याचें आहे त्यानेंच तें करावें, खालच्या कारकुनी मेजावर तें परस्पर उरकूं नये, इतकाच त्याचा अर्थ. पण तो लहान नाहीं.

1 सप्टेंबर 2025 पासून आप्रवास व परकीय नागरिक यांविषयींचा नवा कायदा अंमलांत आला व जुने चार कायदे गेले. त्याबरोबरच्या आदेशानें अफगाणिस्तान, बांगलादेश व पाकिस्तान येथून 31 डिसेंबर 2024 पर्यंत आश्रयास आलेल्या हिंदु, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती लोकांस कागदपत्रांच्या बाबतींत सूट मिळाली. पुन्हा एक तारीख, पुन्हा एक यादी; यादीबाहेरच्या माणसास निर्वासित म्हणून ओळखणारें कलम त्यांत नाहीं. आपण परकीय नाहीं हें सिद्ध करण्याचा भार पूर्वींप्रमाणेंच त्या माणसावर आहे. वाशीमच्या रहिवाशास अशा हुकुमाविरुद्ध उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे दाद मागतां येते. परंतु तेथवर जावयाचें तर हातीं कागद हवा, आणि तो बहुधा आजोबांच्या काळचा निघतो: गांवचें कोतवाल बुक, शाळेचें दाखल-खारीज रजिस्टर, शेताचा जुना उतारा.