खाडीपलीकडची 'सुवार्ता'

भाईंदरजवळच्या पाली-उत्तनच्या किनाऱ्यावरून उत्तरेला पाहिलं, की खाडीपलीकडे वसई. तिथूनच १९५५ साली 'सुवार्ता' हे मराठी मासिक सुरू झालं. कॅथलिक समाजाचं, म्हणजे मुख्यतः धार्मिक वाचनाचं. त्याचा चेहरा बदलला तो १९८३मध्ये, फादर फ्रान्सिस दिब्रिटो संपादक झाल्यावर. नंदाखालला जन्मलेल्या या धर्मगुरूनं तब्बल २४ वर्षं, २००७पर्यंत, हे काम सांभाळलं. त्यांच्या काळात 'सुवार्ता' चर्चच्या आवारात मावेनासं झालं. साहित्य आलं, सामाजिक प्रश्न आले. वसईची हिरवी वाडी आणि विहिरींचं पाणी वाचवण्यासाठी 'हरित वसई'ची चळवळ उभी राहिली, तेव्हा त्या लढ्यात संपादक स्वतः रस्त्यावर होते. धर्मगुरूनं बिल्डर-राजकारण्यांशी कशाला भांडावं, असं कुणाला वाटेलही. पण वाचकांच्या विहिरी आटत असताना नुसती प्रवचनं छापणं, हेच मला विचित्र वाटलं असतं.

दिब्रिटोंनी पुढं बायबलचं मराठी रूप, 'सुबोध बायबल', सिद्ध केलं. त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२०मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्या पदावर बसलेले ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. जुलै २०२४मध्ये त्यांचं निधन झालं.